जुन्या गाडीच्या टपाचं आतलं अस्तर घरी साफ करायचं तर

मी परभणीत राहतो. दोन वर्षांपूर्वी वसमतकडची, हळदीच्या व्यापारात वापरलेली २००६ ची वॅगन आर घेतली. इंजिन ठणठणीत, टायर बरे, कागदपत्रं चोख. पण सीटवर बसून वर बघितलं की जीव नको व्हायचा. ड्रायव्हरच्या डोक्याच्या बरोबर वर, अस्तराला तेलकट चट्टा होता. डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढं वर्षानुवर्षं उदबत्ती लावलेली, त्यामुळं त्याच्या बरोबर वर काळपट गोल उमटलेला. आणि मागच्या बाजूला हातभर रुंद पिवळा पट्टा, कारण मागची सीट पाडून त्यात हळदीचे कट्टे नेले जायचे.

याआधीच्या गाडीचं अस्तर मी एका धुलाई सेंटरवर साफ करायला दिलं होतं. तिथल्या पोरानं शाम्पूचं पाणी पंपानं थेट टपाला मारलं. त्या दिवशी सगळं लखलखीत दिसलं, पण पंधरा दिवसांत कापड सुटून लोंबायला लागलं आणि आरशातून मागचं दिसेना. म्हणून या वेळी घाई केली नाही. आधी एका कुशनवाल्या काकांकडं तासभर बसून त्यांचं काम बघितलं, त्यांना विचारलं आणि मगच हात लावला. तुमच्याकडंही जुनी गाडी असेल तर हे वाचून मग सुरुवात करा.

१. आधी अस्तर कशाचं आहे ते ओळखा

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत साधारण तीन प्रकार दिसतात.

अँबॅसिडरसारख्या जुन्या गाड्यांत रेक्झीन किंवा कापड आडव्या तारांवर तंबूसारखं ताणलेलं असतं. बोटानं दाबलं तर आत पोकळ लागतं. रेक्झीन असेल तर तुमचं नशीब चांगलं, ओल्या फडक्यानं पुसलं तरी त्याला काही होत नाही. फक्त शिवणीत पाणी मुरू देऊ नका आणि जोर लावू नका, जुनं रेक्झीन कडक होऊन शिवणीवर चिरतं.

दुसरा प्रकार नमद्याचा, म्हणजे दाबून बसवलेल्या धाग्यांचा. हात फिरवला तर घोंगडीसारखं खरखरीत लागतं. यात खाली फोम नसतो. धूळ भरपूर धरतं, पण टिकाऊ असतं.

तिसरा प्रकार सगळ्यात नाजूक. बाहेर पातळ कापड, त्याखाली दोन-तीन मिलिमीटर फोम आणि त्याच्या मागं साच्यात दाबलेला पुठ्ठ्यासारखा किंवा फायबरचा पत्रा. हे सगळं गोंदावर धरलेलं असतं. दाबलं तर जरासं गादीसारखं आत जातं. पुढं जे सांगतोय ते मुख्यतः या प्रकारासाठी आहे, कारण नुकसान यातच होतं.

२. साफ करण्याजोगं आहे का, ते बघा

ही पायरी कुणी करत नाही आणि मग पस्तावतं. मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ वर जातो आणि उन्हात बंद करून ठेवलेली गाडी आतून त्याहून कितीतरी जास्त तापते. अशी पंधरा-वीस वर्षं गेली की फोम आतल्या आत कुजून त्याची भुकटी होते. बाहेरून कापड ठीक दिसतं, पण धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं.

तळहात सपाट ठेवून हलकेच दाबा आणि जरासा पुढंमागं सरकवा. कापड हाताबरोबर सरकलं, आतून करकर आवाज आला किंवा मधल्या दिव्याच्या कडेनं तपकिरी भुकटी पडली, तर तिथं ओलं काहीही लावू नका. ते अस्तर साफ करायचं नाही, बदलायचं. त्याबद्दल शेवटी लिहिलंय. मागच्या काचेजवळ आणि दोन्ही बाजूंच्या कडांना नक्की दाबून बघा, कापड सुटायला तिथूनच सुरुवात होते.

३. लागणारं सामान

- मऊ केसांचा ब्रश. भिंतीला रंग द्यायचा नवा दोन इंची ब्रश चालतो.
- व्हॅक्यूम क्लीनर, शक्यतो ब्रशचं तोंड असलेला
- मायक्रोफायबरची पाच-सहा फडकी, फिक्या रंगाची. नवीन लाल-निळी फडकी रंग सोडतात.
- लोकरीचे कपडे धुवायचं सौम्य लिक्विड किंवा भांड्यांचं लिक्विड
- दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर
- पांढरं व्हिनेगर, दोन लिंबं
- मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिटची छोटी बाटली
- सीट आणि डॅशबोर्ड झाकायला जुन्या चादरी
- मास्क आणि साधा चष्मा (वर बघून झाडताना सगळी धूळ डोळ्यांतच येते)
- टेबल फॅन

डिस्टिल्ड वॉटर म्हणजे बॅटरीत टाकतो तेच, बॅटरीच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर मिळतं. ते कशाला, असं वाटेल. आपल्याकडं बहुतेकांच्या घरी बोअरचं पाणी आणि ते किती जड असतं ते बादलीच्या काठावरच्या पांढऱ्या थराकडं बघून कळतं. तेच पाणी अस्तराला लावलं तर वाळल्यावर पांढरट कडा असलेले नकाशे उमटतात. मग तो डाग काढायला पुन्हा पाणी आणि पुन्हा नवा नकाशा. डिस्टिल्ड नसेल तर जारचं फिल्टरचं पाणी घ्या, पण बोअरचं नको.

रिठा वापरायचा विचार आला असेल तर थांबा. लोकरीला, रेशमाला रिठा उत्तम, पण त्याचं पाणी तपकिरी असतं. फिक्या अस्तरावर त्याचाच डाग पडायची भीती.

४. वेळ आणि जागा

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा सगळ्यात चांगला काळ. हवा कोरडी असते आणि ऊन सोसवतं. पावसाळ्यात करू नका, अस्तर वाळत नाही आणि आठ दिवसांत कुबट वास सुटतो. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सूर्य उगवायच्या आधी सुरू करा. तापलेल्या टपाखाली गोंद मऊ पडलेला असतो आणि फेस पुसायच्या आधीच वाळून डाग धरतो.

गाडी सावलीत लावा, चारही दारं आणि डिकी उघडा. आता एक गोष्ट, जी मी पहिल्या दिवशी विसरलो: आतल्या दिव्याचं बटण बंद करा. दारं चार तास उघडी राहिली तर दिवा चालू राहून जुनी बॅटरी उतरते आणि संध्याकाळी गाडी ढकलायला माणसं गोळा करावी लागतात. दिव्याचं कव्हर काढणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून ठेवा.

सन व्हायझर खाली करा, सीट आणि डॅशबोर्ड झाका. काचांच्या मधल्या खांबांवरच्या पट्ट्यांवर एअरबॅग असं लिहिलेलं असेल तर त्या पट्ट्या उचकटायच्या नाहीत.

५. कोरडी सफाई, अर्धं काम इथंच

पुढच्या सीटची पाठ पूर्ण पाडून उताणे झोपा. बसून मान वर करून केलं तर अर्ध्या तासात मान धरते आणि मग हात कसाही चालतो.

ब्रशनं पुढून मागं, एकाच दिशेनं, हलके झाडत जा. दुसऱ्या हातात व्हॅक्यूमचं तोंड धरा, पण ते अस्तराला टेकवू नका. बोटभर अंतर ठेवा. टेकवलं की ते कापड ओढतं आणि जुना गोंद तिथंच सुटतो. व्हॅक्यूमचा जोर कमीजास्त करता येत असेल तर सगळ्यात कमीवर ठेवा.

काळ्या मातीची धूळ, सोयाबीनचा भुसा, तुरीचं कुटार, जे काही वर्षानुवर्षं बसलंय ते कोरडं असतानाच निघतं. ओलं झालं की त्याचा चिखल होतो आणि तो विणीत मुरतो. माझ्या गाडीला कोरड्या सफाईलाच दीड तास लागला आणि निम्मा मळ त्यातच गेला. कंटाळा करू नका.

६. कोपऱ्यात परीक्षा

जे काही लावणार आहात, फेस असो की स्पिरिट, ते आधी सन व्हायझरच्या मागं रुपयाएवढ्या जागेत लावा. पांढऱ्या फडक्यानं टिपा. फडक्यावर अस्तराचा रंग आला तर ते वापरायचं नाही. वाळेपर्यंत थांबा आणि मग बघा, ओल्यावर निर्णय घेऊ नका.

७. फेसानं पुसणं

अर्ध्या लिटर डिस्टिल्ड पाण्यात चहाचा एक चमचा लिक्विड. रवीनं घुसळा, वर घट्ट फेस येईल. आपल्याला फक्त तो फेस हवाय, खालचं पाणी नाही. कुशनवाले काका मला म्हणाले होते, "दादा, याला आंघोळ घालायची नाही, अंग पुसून घ्यायचं." ते वाक्य डोक्यात ठेवून मी पूर्ण टप पुसला.

फडक्यावर फेस घ्या, बाटलीनं अस्तरावर फवारू नका. एकदा वीतभर जागा घ्यायची. फेस हलक्या हातानं पसरवा आणि पुढून मागं पुसा, गोल गोल चोळू नका. गोल चोळल्यानं धागे उभे राहतात आणि ती जागा कायमची वेगळी दिसते. लगेच दुसरं फडकं साध्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवून कडक पिळून त्याच जागेवरून फिरवा. नीट पिळलेल्या फडक्यातून मूठ आवळली तरी थेंब पडत नाही. मग तिसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. पुढची वीत घेताना आधीच्या जागेवर दोन बोटं चढवून घ्या, म्हणजे मधे रेघ राहत नाही.

लिक्विड जास्त घातलं तर जास्त स्वच्छ होत नाही. उलट साबण आत राहतो, चिकट होतो आणि महिन्याभरात आधीपेक्षा जास्त धूळ धरतो.

फक्त मळकी जागा पुसून थांबू नका. एवढा एकच भाग उजळतो आणि बाकीचं अस्तर त्यापुढं घाण दिसायला लागतं. काम हातात घेतलं की या कडेपासून त्या कडेपर्यंत करा.

८. हट्टी डाग

डोक्याच्या तेलाचा चट्टा: यावर फेस दोनदा फिरवा, पण मधे पूर्ण वाळू द्या. एकाच दिवशी तिसऱ्यांदा हात लावू नका.

बॉलपेनची शाई: स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून पिळून फक्त टिपा. चोळलं की पसरते. दारं उघडी ठेवा आणि जवळपास कुणाला विडी-काडी पेटवू देऊ नका.

विडी-सिगारेटचा, उदबत्तीचा धूर: फेसानं बराच जातो. वास मात्र रेंगाळतो. वाटीत खायचा सोडा घालून रात्रभर बंद गाडीत ठेवला तर कमी होतो.

पाण्याचे पिवळट नकाशे: डाग काढायच्या आधी पाणी कुठून येतं ते शोधा. पुढच्या काचेचं रबर, अँटेनाचं भोक, कॅरिअरचे स्क्रू, ही तीन ठिकाणं आधी बघा. एकानं बाहेरून नळीनं हळू पाणी सोडायचं, दुसऱ्यानं आत टॉर्च घेऊन बसायचं. गळती बुजवल्याशिवाय अस्तर साफ करणं म्हणजे मेहनत वाया.

बुरशीचे काळे ठिपके: हे कोरडे झाडू नका, बुरशीचे कण सगळ्या गाडीत उडतात. मास्क लावा, निम्मं व्हिनेगर आणि निम्मं पाणी फडक्यावर घेऊन ठिपके टिपून ओलसर करा, दहा मिनिटांनी पुसा आणि फॅन लावा. ब्लीच वापरू नका, रंग उडतो. व्हिनेगर आणि ब्लीच तर चुकूनही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद गाडीत तो जिवावर बेतू शकतो.

पेट्रोल किंवा थिनरनं डाग काढायचा सल्ला बरेच जण देतात. ऐकू नका. फोम आणि गोंद दोन्ही विरघळतात आणि आगीचा धोका आहेच.

९. हळद आणि भंडारा

हा डाग आपल्या भागाचाच, म्हणून वेगळा लिहितो. वसमत-हिंगोलीकडं हळदीची ने-आण करणाऱ्या गाड्या आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेहून भंडारा उधळून आलेली कुटुंबं, दोघांच्याही टपाला हा रंग लागतो.

मी मागच्या पिवळ्या पट्ट्यावर फेसाचं फडकं फिरवलं आणि डोळ्यांदेखत तो पट्टा लालभडक झाला. पुसलं तर अजून गडद. मला वाटलं अस्तराचा रंगच जळाला. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली माय उठून आली, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "अरे, हळदीला साबण लागला की कुंकूच व्हणार ना. लिंबू लाव."

तिचं बरोबर होतं. हळद आणि चुना मिळून कुंकू करायची रीत जुनीच आहे. हळदीतला पिवळा रंग, कर्क्युमिन, क्षाराच्या संगतीत लाल होतो आणि आंबटाच्या संगतीत परत पिवळा. साबणात क्षार, लिंबात आम्ल. गाळलेल्या लिंबाच्या रसात तेवढंच पाणी घालून पिळलेलं फडकं फिरवलं तसा लाल रंग उतरून पट्टा पुन्हा पिवळा झाला. नंतर साध्या पाण्याच्या फडक्यानं पुसून घ्या, रस राहिला तर चिकटतो आणि मुंग्या येतात.

म्हणून हळदीच्या डागावर साबण सगळ्यात शेवटी. क्रम असा ठेवा. आधी कोरडं झाडणं, अगदी शेवटच्या कणापर्यंत. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं. म्हणून नंतर स्पिरिटचा पिळलेला बोळा घेऊन बाहेरून आत टिपत यायचं आणि बोळा पिवळा झाला की टाकून नवा घ्यायचा. मी साठेक बोळे वापरले. स्पिरिट भरपूर ओतलं तर गोंदापर्यंत जातं, तेव्हा बोळा ओलसरच हवा.

यानंतरही फिकी पिवळी झाक राहते. ती उन्हानं जाते, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. पण टपाच्या आतल्या बाजूला ऊन पडणार कसं, ती तर जमिनीकडं तोंड करून असते. मी कपाटाचा सपाट आरसा डिकीत उताणा ठेवला आणि गाडीची पाठ पूर्वेला करून डिकी उघडली. सकाळचं तिरपं ऊन आरशावर पडून थेट पट्ट्यावर जायचं. रोज तास-दीड तास, ऊन सरकेल तसा आरसा जरा सरकवायचा. सहाव्या दिवशी लेकीनं विचारलं, "बाबा, पट्टा कुठं होता?" आणि मला बोट ठेवून दाखवता आलं नाही. आरसा सपाटच घ्या, दाढीचा मोठं दाखवणारा नको, तो ऊन एका ठिपक्यावर गोळा करतो. आणि गाडी तशीच सोडून जाऊ नका.

१०. वाळवणं

सगळ्या काचा खाली, दारं उघडी, मागच्या सीटवर टेबल फॅन वर तोंड करून. चार-पाच तास तरी. हाताला कोरडं लागलं तरी फोम आतून ओलसर असू शकतो, म्हणून पहिली रात्र काचा बोटभर उघड्या ठेवून गाडी आत, छपराखाली लावा. हेअर ड्रायर वापरू नका, गोंद सुटतो. ओलं अस्तर बंद गाडीत उन्हात ठेवणं त्याहून वाईट.

११. साफ करण्यापलीकडं गेलं असेल तर

कापड लोंबत असेल तर टाचण्या लावून किंवा सुईनं गोंद आत सोडून महिना-दोन महिने निघतात, त्यापलीकडं नाही. फोमच कुजलेला असल्यामुळं गोंद धरणार कशाला?

कुशनवाल्याकडं जाताना तीन गोष्टी आधी बोलून घ्या. अस्तरामागचा पूर्ण पत्रा गाडीतून बाहेर काढून काम करणार का, हे पहिलं. गाडीतच वरच्या वर चिकटवलेलं टिकत नाही. दुसरं, जुना फोम ब्रशनं पूर्ण खरवडून काढणार का. भुकटीवर नवं कापड लावलं तर तेही पहिल्याच उन्हाळ्यात सुटतं. तिसरं, उष्णता सोसणारा गोंद वापरणार का. फोम लावलेलं नवं कापड घेताना रंग फिका घ्या, पण अगदी पांढरा नको.

पत्रा काढायच्या आधी दिवा, व्हायझर, हँडल यांचे स्क्रू आणि क्लिपा कुठल्या जागेच्या ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जुन्या क्लिपा काढताना तुटतात, तेव्हा आठ-दहा नवीन आधीच आणून ठेवायला सांगा. पत्रा बाहेर आला की टपाची आतली बाजू उघडी दिसते, तेव्हा अँटेनाच्या भोकाभोवती आणि कॅरिअरच्या स्क्रूंपाशी गंज आहे का ते स्वतः बघा आणि तिथं सीलंट लावून घ्या, पुन्हा तो पत्रा कधी निघेल सांगता येत नाही.